जिलानी व्हिडिओच्या मागचं दार

बिलोलीला बदली झाली तेव्हा मला हवी होती फक्त एक खोली. दवाखान्यापासून पायी जाता येईल अशी, पाण्याची सोय असलेली, आणि दिवसा झोपता येईल इतकी शांत. मी बाळंतपणाच्या वॉर्डात नर्स आहे. त्या उन्हाळ्यात मला रात्रपाळ्याच जास्त लागायच्या, म्हणजे सगळं गाव कामाला लागायच्या वेळी मी अंथरूण टाकणार. माझं माहेर लातूरकडं, औशाजवळ. इथं ओळखीचं कोणी नव्हतं. शेवटी आमच्या दवाखान्याच्या आशा कार्यकर्त्या साखराबाई एका सकाळी मला जुन्या बाजारामागच्या गल्लीत घेऊन गेल्या.

"खोली चांगली हाय सुकन्याताई. थंडगार," त्या चालता चालता म्हणाल्या. "फकस्त अख्तरीखालाच्या तिथं भाडेकरू टिकत न्हाई."

"का बरं?"

"कोनाला काय जमत न्हाई, कोनाला काय," असं म्हणून त्यांनी विषय पाण्याच्या टाकीवर नेला.

रस्त्याच्या बाजूला एक बंद दुकान होतं. शटरला गंज चढलेला, वर पत्र्याची पाटी. उन्हानं अक्षरं फिकी पडली होती, तरी वाचता येत होती: जिलानी व्हिडिओ. खोली ह्या दुकानाच्या मागं. लांबट, उंच छताची, झरोका तेवढा वर. तिचं दार मागच्या बोळात उघडायचं, आणि तो बोळ पुढं भिंतीला जाऊन संपायचा. मला वाटलं, ह्याहून शांत जागा बिलोलीत सापडायची नाही.

घरमालकीण अख्तरीखाला सत्तरीच्या पुढच्या, हाडापेरानं बारीक, पण आवाज खणखणीत. शेजारच्याच दोन खोल्यांत एकट्या राहायच्या. मुलगा मोहसीन हैदराबादला. पहिल्याच दिवशी त्यांनी मला चहाला बोलावलं आणि खोलीचं पुराण सांगितलं.

"ही खोली म्हणजे बायकांचं थेटर होतं बेटी. आमच्या ह्यांनी व्हिडिओ आणला तेव्हा आजूबाजूच्या गावांत कुणाकडं नव्हता. बैलगाडीत गोधड्या अंथरायच्या, त्यावर टीव्ही लेकरासारखा निजवायचा आणि निघायचं. नायगाव, मुखेड, कुठं कुठं. कुणाचं लग्न, कुणाचं बारसं, कुठं गणपती. लोक पहाटंपर्यंत उठायचे नाहीत. कॅसेटी हैदराबादहून यायच्या, रात्रीच्या गाडीनं, लुंगीत गुंडाळून."

"आणि बायका?"

"बायकांना कोण नेतं? म्हणून मी दुपारचा खेळ सुरू केला. स्वैपाक आवरला की मागच्या दारानं यायच्या. कुणी दळणाचा डबा घेऊन, कुणी घागर घेऊन. घरी सांगितलेलं कारण दाराशी ठेवायचं आणि आत बसायचं." खाला हसल्या. "हिंदूच्या, मुसलमानाच्या, सगळ्या मांडीला मांडी लावून. एक रडायला लागली की सगळ्या रडायच्या."

मग केबलवाला आला. गल्लीवरून काळी वायर गेली आणि एकेक बाई आपल्या घरी बसायला लागली. मग सीडी आल्या, त्याही गेल्या. खालांच्या नवऱ्यानं, जिलानीभाईंनी, शेवटी शेवटी त्याच दुकानात मोबाईलचं रिचार्ज विकलं. मग तेही लोक घरबसल्या करायला लागले. एका रमजानच्या आधी त्यांनी शटर ओढलं ते पुन्हा वर केलं नाही, आणि दोन वर्षांत ते स्वतःही गेले. कॅसेटी अजून रॅकवर होत्या. पांढरी बुरशी चढलेल्या.

"आता एका घरात चौघी चार मोबाईल बघतात," खाला म्हणाल्या. "रडायला आलं तर एकटीच रडतात."

दुसऱ्या दिवशी मी रात्रपाळी करून आले, आंघोळ केली आणि झोपले. जाग आली ती गरमीनं. लाईट गेली होती, पंखा थांबला होता. एप्रिलची दुपार. अशा दुपारी आमच्याकडं गाव रात्रीपेक्षा जास्त निजतं. ना कुत्रं, ना गाडी, ना लेकराचा आवाज. कुठंतरी लांब एक पत्रा उन्हानं तडकला, तेवढंच.

मग वास आला. भाजलेल्या मातीचा. चुलीची माती गरोदर बायका चोरून खातात ना, तसा वास. खोलीत चूल नव्हती.

आणि कडी वाजली. टक… टक… हलक्या हातानं. तिच्याबरोबर काचेच्या बांगड्या.

"भाभी…" बाहेरून एक बाई म्हणाली. आवाज कोवळा होता, थोडा धाप लागलेला. "भाभी, पुढं काय झालं?"

खालांकडं कोणी आलं असेल, चुकून हे दार वाजवलं, असं वाटून मी उठले आणि दार उघडलं. बोळात पांढरं ऊन होतं. माणूस नव्हतं. मी बाहेर पाऊल टाकलं आणि थबकले. बारा वाजून गेलेले, शहाबादी फरशी, पाय भाजायला हवा होता. पण उंबऱ्यापुढची ती एकच फरशी गार होती. पाणी भरलेल्या माठासारखी.

मी स्वतःला समजावलं. झोप अर्धवट झाली की माणसाला काहीही भासतं. रात्रपाळी करणाऱ्यांना विचारा. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच वास, त्याच बांगड्या. ह्या वेळी मी उठले नाही. चादर तोंडावर ओढून पडून राहिले. आवाज दाराच्या वरच्या बाजूनं येत नव्हता. खालून, फटीतून येत होता. बोलणारी बाई उंबऱ्याला टेकून बसली होती जणू.

"भाभी… सांगा की… पुढं काय झालं?"

आवाज थांबला तशी मी पायात चपलाही न घालता खालांच्या खोलीत शिरले. त्या लसूण सोलत होत्या. माझ्याकडं बघितलं आणि मी काही बोलायच्या आधीच विचारलं, "सिंधु आली होती?"

मी खालीच बसले.

"डरू नक्को बेटी. ती कुणाला काही करत नाही."

सिंधु पलीकडच्या गल्लीतली सून. माहेर मुखेडकडचं. दुपारच्या खेळाला सगळ्यांत आधी यायची आणि टीव्हीच्या अगदी पुढं बसायची. दिवस गेले तरी खंड नाही, नवव्या महिन्यातही पोट सावरत यायची. एका दुपारी मोठा रडका सिनेमा लागला होता. बाई आगगाडीतून एका अनोळखी स्टेशनवर उतरते, तिथपर्यंत आला होता, आणि सिंधुला कळा सुरू झाल्या. तिनं ओठ दाबून धरले, कुणाला सांगितलं नाही. कळलं तेव्हा उशीर झालेला. जिलानीभाईंनी जीप आणली. सासू बसली, दोन बायका बसल्या. नांदेडला न्यायचं ठरलं.

"जीपमध्ये टाकताना तिनं माझा हात धरला," खाला म्हणाल्या. "म्हणाली, भाभी, पुढं काय झालं ते मला सांगा हं. मी म्हटलं, सांगते गं माय, तू ये तर खरी. ती आली नाही. नायगावच्या अलीकडंच संपली."

लसणाची पाकळी त्यांच्या बोटांत तशीच राहिली होती.

"दुकान चालू होतं तोवर काही ऐकू आलं नाही. दिवसभर टीव्हीचा गोंधळ. दुकान बंद पडलं, घर शांत झालं, आणि एका दुपारी कडी वाजली. ह्यांनीही ऐकलं. म्हणाले, आपलंच गिऱ्हाईक आहे, जबाब दे."

"मग?"

"दिला की. किती वेळा दिला! सगळा सिनेमा सांगितला, गाण्यांसकट. ऐकते, गप्प होते. दुसऱ्या दिवशी फिरून तेच." त्यांचा खणखणीत आवाज पहिल्यांदा खाली आला. "मोहसीन म्हणतो, बकरी ईद झाली की अम्मी तू माझ्याकडं चल, ही जागा देऊन टाकू. मला पण तब्येतीनं होत नाही आता. पण मी गेले तर तिला कोण जबाब देणार? तशीच कडी वाजवत बसेल दुसऱ्याच्या दारात?"

मी खोली सोडायचं ठरवूनच तिथं गेले होते. ते बोलणं ऐकून तोंडातून निघालं नाही. उलट मीच म्हणाले, उद्या दुपारी माझ्याजवळ बसा.

बसल्या. दाराशी पाट टाकून. वास आला, बांगड्या वाजल्या, प्रश्न आला. खाला शांतपणे सांगत गेल्या. ती स्टेशनवर उतरते, तिला एक म्हातारा मास्तर भेटतो, मग घरच्यांना त्यांची चूक कळते, सगळे रडतात, सगळे एक होतात. मी त्यांचा हात घट्ट धरला होता. दारापलीकडं कोणीतरी ऐकत होतं. श्वास ऐकू येत होता. गोष्ट संपली. मीही श्वास रोखला.

"…पुढं काय झालं?" आणि ह्या वेळी ती रडत होती.

त्याच आठवड्यातली गोष्ट. बरबड्याकडची एक पहिलटकरीण रात्री आली. बाळंत झाली, पण रक्तस्राव थांबेना. डॉक्टर, आम्ही दोघी सिस्टर, सगळ्यांनी धावपळ केली. पहाटेकडं ती सावरली. तोंड पांढरंफटक, ओठ कोरडे. तिनं डोळे उघडले. पाणी मागितलं नाही. स्वतःचं काही विचारलं नाही.

"सिस्टर… काय झालं?"

"मुलगी," मी म्हटलं.

"रडली का?"

"खूप रडली. तिकडं बघ, निजलीय."

तिनं डोळे मिटले. चेहऱ्यावरचा ताण असा उतरला की मला तिच्याकडं बघत राहावंसं वाटलं. आणि हातातला ट्रे हातातच राहिला. हा प्रश्न मी रोज ऐकते. शुद्धीवर आलेली प्रत्येक बाई पहिला हाच विचारते.

पाळी संपली तशी मी थेट खालांकडं गेले.

"खाला, सिंधुला काय झालं होतं? मुलगा की मुलगी?"

"मुलगी. जीपमध्येच झाली. आई आधी गेली की लेकरू आधी आलं, कुणालाच कळलं नाही म्हणे."

"तिला कुणी सांगितलंच नाही."

खालांनी दोन्ही हात तोंडावर घेतले.

"या अल्ला! आणि मी तिला सिनेमा सांगत बसले!"

आम्ही त्याच दुपारी सांगून टाकलं असतं. पण खालाच म्हणाल्या, नुसतं मुलगी झाली म्हणून आईचं भागतं का? जगली का, कुठं आहे, कशी आहे? खालांना एवढंच ठाऊक होतं की सासरच्यांनी पोरीला ठेवून घेतलं नाही, मामा घेऊन गेला, आणि पुढं ते घरही बिलोली सोडून गेलं.

साखराबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "सिंधुची लेक? आवं ती तर बिलोलीतच असती रोज! साक्षी नाव. मुखेडच्या गाडीवर कंडक्टर हाय की."

दुपारी स्टँडवर गाडी लागली होती. खाकी शर्ट, खांद्याला बॅग, हातात तिकिटाचं मशीन. तिशीतली, सावळी, कपाळावर आठी. ड्रायव्हर चहाला गेला होता, ती मात्र गाडीतच बसून होती. मी वर चढले, ओळख सांगितली, गल्लीचं नाव घेतलं.

"त्या गल्लीचं नाव नका काढू माझ्यापुढं," ती म्हणाली. "जन्मले तवा आजीनं घरात घेतलं न्हाई. म्हने, आईला खाऊन आली. ह्या गावात मी खाली पाय बी ठेवत न्हाई. चहा सुदिक पुढच्या स्टँडला पिते."

"तुमच्या आईच्या ओळखीच्या एक खाला आहेत. म्हाताऱ्या आहेत. आता हैदराबादला जाणार आहेत."

"मग जाऊ द्या की."

ड्रायव्हर चहा पिऊन आला, तशी तिनं घंटी मारली. मी उतरले.

दोन दिवसांनी मी भाजी घेऊन स्टँडवरून चालले होते, तर मागून हाक आली. "ओ सिस्टर!" साक्षी गाडीच्या दारात उभी होती. बराच वेळ बॅगेचा पट्टा ओढत राहिली.

"त्या खालानं… आईला बघितलंय?"

"रोज बघायच्या."

"माझ्याकडं तिचा फोटो बी न्हाई एक," ती म्हणाली, आणि पहिल्यांदा बिलोलीच्या जमिनीवर उतरली.

मी तिला दाराबद्दल काही सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? खालांनी तिला माझ्या खोलीत बसवलं, सरबत दिलं आणि तोंडावरून हात फिरवला. "हसताना अशीच एका गालानं हसायची," त्या म्हणाल्या. "पुढच्या दोन दातांत फट होती. विनोद व्हायच्या आधीच हसायला लागायची, मग बायका तिला दापायच्या." साक्षी ऐकत होती. सरबताला तिनं तोंड लावलं नाही. मध्येच विचारायची, उंच होती का? केस कसे होते? माझ्यावानी काळी होती का?

तेवढ्यात तो वास आला.

खाला बोलायच्या थांबल्या. मी झरोक्याकडं बघितलं, ऊन होतं तसंच. टक… टक…

"कोनतरी आलंय," साक्षी म्हणाली.

ती उठली. कडीला हात घातला.

"भाभी… पुढं काय झालं?"

साक्षीचा हात कडीवरच राहिला. तिच्या मानेवरचे केस ताठ झालेले मला मागून दिसले. तिनं वळून खालांकडं बघितलं. खालांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. त्यांनी फक्त मान हलवली. मला वाटलं, आता ही किंचाळेल, दार ढकलून पळत सुटेल, आणि तसं केलं असतं तर मी तिला दोष दिला नसता.

तिनं कडी सोडली. दाराला पाठ घसटत हळूहळू खाली बसली. खाकी पँट, मांडीवर बॅग.

"मुलगी झाली," ती म्हणाली. "मुलगी… झाली. मीच ती."

पलीकडं काहीच नाही. बांगडीसुद्धा नाही.

"लई रडले म्हने मी. मामी म्हनती, नायगाव येईस्तोवर कुनाला ऐकू येऊ दिलं न्हाई." ती थांबली, नाक पुसलं. "मामानं वाढवलं. मन्मथमामानं. शेळीच्या दुधावर. शाळेत घातलं. मी… मी काय वाईट न्हाई बरं का. बारावी झाले. यश्टीत लागले. पहिल्या दिवशी गाडीत लई घाबरले होते, सुट्टे पैसे सांडले सगळे…"

मग तिला थांबताच येईना. लग्न कसं झालं, नवरा कसा आहे, कुठं भांडण होतं, सासू कशी जीव लावते. "मला बी एक लेक हाय. तिसरीला. कशी हाय म्हनशील? लई वात्रट. दातात फट हाय तिच्या. मी म्हनायचे, ही कुनावर गेली…"

दाराखालच्या फटीत उजेडाची एक रेघ होती आणि त्या रेघेच्या मधोमध अंधार होता, कुणी बसल्यासारखा. मी तो बघत होते. साक्षीनं तळहात फटीपाशी टेकवला. "गार हाय," ती म्हणाली. आणि बोलत राहिली. कधीतरी तो अंधार विरळ झाला. पाण्यात दूध मिसळावं तसा. रेघ आख्खी झाली.

साक्षीनं हात झटकन मागं घेतला. "माय! भाजलं की!"

दार उघडलं. बोळात झळा नाचत होत्या. फरशीवर पाय ठेववत नव्हता. भाजलेल्या मातीचा वास गेला होता, आणि तो पुन्हा कधी आला नाही.

खाला ईदेनंतर हैदराबादला गेल्या. जाताना रडल्या, पण मागं वळून बघितलं नाही. जाईपर्यंत साक्षी रोज गाडी लागली की त्यांच्याकडं चहाला यायची. एकदा लेकीलाही घेऊन आली. पोरीनं रॅकवरच्या कॅसेटी बघून विचारलं, ह्यात काय आहे? खाला म्हणाल्या, गोष्टी. पोरगी म्हणाली, मग लावा की. आम्ही तिघी किती हसलो!

मी खोली सोडली नाही. तिथं आता गाढ झोप लागते. आणि एक सवय लागली आहे. बाळंतपण झालं की मी मोठ्यानं सांगते. मुलगा झाला, मुलगी झाली, रडलं, आई बरी आहे. बरोबरच्या सिस्टर हसतात. म्हणतात, सुकन्या, बाई तर समोरच आहे, ओरडतेस कुणाला?

आता मागच्या महिन्यातलं सांगते. दिवसपाळी होती. तांड्यावरची एक पोरगी एकटीच आली होती, नवरा औषधं आणायला गेलेला. लेबररूममध्ये मी आणि ती. कळांच्या मधल्या वेळात ती म्हणाली, "बाई, त्या दुसऱ्या बाईला बी बसा म्हना की. कवाची उभी हाय बिचारी."

मी मागं बघितलं. भिंत होती, सलाईनचा स्टँड होता.

माझ्या मनात एकच नाव आलं. मी विचारलं, "दातांत फट आहे का तिच्या?"

पोरीनं नीट बघितलं. "न्हाई," ती म्हणाली. "ही येगळीच हाय. जुन्या काळचं लुगडं हाय, पोट धरून उभी हाय."

पुढची कळ आली, आणि अशा वेळी हातांना थांबता येत नाही. बाळ आलं. अंग पुसलं, पाठ चोळली, आणि ते असं रडलं की खोली भरून गेली. मी भिंतीकडं तोंड केलं आणि मोठ्यानं म्हटलं, "मुलगी झाली. आई बरी आहे."

"गेली का ती?" मी पोरीला विचारलं.

तिनं घामेजलेलं तोंड वळवलं. "ती गेली… हसून गेली. पन तिच्या मागं आनिक एक हाय." मग तिची नजर भिंतीवरून दाराकडं गेली. दारातून बाहेर गेली. व्हरांड्याच्या टोकापर्यंत हळूहळू सरकत राहिली, जशी एखाद्या लांब रांगेवरून सरकते तशी.

मी बाळाला दुपट्यात गुंडाळलं. दार लावलं नाही.